सोन्या-चांदीच्या शिरेशेजारचा खडक कसा वाचायचा

हातातल्या दगडात सोनं चमकतंय का, हे पाहणं आधी सोडून द्या. टनाला पाच ग्रॅम सोनं निघालं तर ती चांगली खाण समजतात. दहा लाख ग्रॅम दगडात पाच ग्रॅम! ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंगातूनही क्वचितच दिसतं. दिसते ती सोनं घेऊन आलेल्या गरम पाण्याने शेजारच्या खडकाची केलेली अवस्था. कुठे त्याचा रंग उडालेला असतो, कुठे तो हिरवा पडलेला, कुठे नखाने खरवडता येईल इतका मऊ, तर कुठे चाकूलाही दाद न देणारा. याला जलतापीय बदल म्हणतात. शीर, म्हणजे खनिजांनी भरलेली भेग, दोन बोटं रुंद असली तरी हा बदल तिच्या दोन्ही अंगांना काही मीटर, कधी कधी किलोमीटरभर पसरलेला असतो. सोन्यापेक्षा तो सापडायला कितीतरी सोपा.

मी चोपड्याचा. नोकरीची बरीच वर्षं कर्नाटकात सोन्याच्या खाणीवर कोअर लॉगिंग करण्यात गेली. ड्रिलिंगमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या पेटीत ओळीने मांडायच्या, पाण्याने ओल्या करायच्या आणि वीतभर-वीतभर लिहून काढायच्या, हे ते काम. आता घरीच असतो. जळगावच्या सराफ बाजारात माझा मावसभाऊ बसतो, तो अधूनमधून कुणाला तरी माझ्याकडे पाठवतो. माणूस रुमाल सोडतो, दगड पुढे ठेवतो आणि विचारतो, "आप्पा, हाई सोनं शे ना?" बहुतेक वेळा ते वाळूतलं उन्हापावसाने सोनेरी पडलेलं अभ्रक असतं, नाहीतर पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं पितळी चमकीचं खनिज. कडप्प्याच्या फरशीतही पायराइटचे ठिपके कधी कधी दिसतात, त्यावरूनही लोक उठून आलेले आहेत.

हा प्रश्न मिनिटात सुटतो, म्हणून आधी तो उरकून टाकू. दाभणाचं टोक त्या चमकीवर दाबा. सोनं दबतं, त्याला खळी पडते. पायराइटचा चुरा होतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. मग टाइलच्या मागच्या, चकाकी नसलेल्या पांढऱ्या बाजूवर घासा: सोन्याचा कस पिवळाच येतो, पायराइटचा हिरवट काळा. सराफाचा कसोटीचा दगड यासाठी मागू नका. तो मुळात काळा, त्यावर काळा कस दिसणार कसा?

पाणी खडकाचं काय करतं

जिथे अशा शिरा बनतात तिथे जमिनीखाली एक-दोन किलोमीटरवर २०० ते ३०० अंश सेल्सिअसचं पाणी भेगांतून फिरत असतं. दाबामुळे त्याची वाफ होत नाही. त्यात विरघळलेलं गंधक, कार्बन डायऑक्साइड, सिलिका आणि अगदी थोडं सोनं-चांदी असते. असं पाणी खडकाला भिडलं की सगळ्यात आधी बळी जातो फेल्स्पार, खडकातलं नेहमीचं फिकट खनिज. पाण्याचा सामू उदासीनाच्या जवळ असेल तर फेल्स्पारचा इलाइट होतो, हे चिकणमातीचं एक खनिज. त्याच्याच जरा जास्त तापमानाच्या, रेशमी चमकीच्या बारीक अभ्रकाला सेरिसाइट म्हणतात. पाणी आम्लधर्मी असेल तर केओलिनाइट, म्हणजे चिनी मातीतलं मुख्य खनिज. त्याहून आम्ल झालं तर ॲल्युनाइट, जुन्या काळी तुरटी काढायचे तो दगड. आणि अगदीच जहाल असेल, सामू दोनच्या खाली, तर ॲल्युमिनियमसुद्धा धुऊन निघतं आणि मागे फक्त सिलिकाचा सांगाडा उरतो. खडकातल्या काळ्या खनिजांचं वेगळंच चालतं. पायरॉक्सिन, हॉर्नब्लेंड यांचं क्लोराइट आणि एपिडोट होतं, दोन्ही हिरवी. मोकळं झालेलं लोखंड पाण्यातलं गंधक धरतं आणि पायराइट बनतं.

म्हणून प्रत्येक तुकडा हातात घेतल्यावर दोनच प्रश्न विचारायचे: पाणी किती गरम होतं, आणि किती आम्ल होतं.

तापमानाचा अंदाज चिकणमातीच्या खनिजांवरून येतो. साधारण १५० अंशांच्या खाली स्मेक्टाइट टिकतं. त्याच्या वर ते इलाइटमध्ये मिसळत जातं आणि २२० च्या पुढे निव्वळ इलाइट उरतं. एपिडोट २४० च्या आसपास दिसू लागतं, ॲक्टिनोलाइट त्याच्याही पुढे, २८०-३०० ला. झिओलाइटांचीही, म्हणजे खडकाच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या पाणीदार खनिजांचीही, अशीच उतरंड आहे. मॉर्डेनाइट आणि ह्यूलँडाइट थंड टोकाला, मग लॉमॉन्टाइट, आणि २०० च्या वर वैराकाइट. हे शेवटचं खनिज १९५५ मध्ये न्यूझीलंडच्या वैराकेईतल्या गरम पाण्याच्या बोअरच्या दगडांतून नोंदलं गेलं. खाणवाल्यांनी ही उतरंड अशा चालू बोअरवरूनच घेतली, कारण तिथे खनिजही हातात येतं आणि त्याच खोलीचं तापमानही मोजता येतं.

सराव विहिरीवरच्या ढिगावर करा

खानदेशात सोन्याची खाण नाही. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत आणि त्यांत सोन्याच्या शिरा नाहीत. पण गरम पाण्याने बदललेला खडक पाहायची सवय लावायला आपल्याइतकी सोय फार कमी ठिकाणी आहे. आसपास दगडात उतरलेल्या कुणाच्याही नव्या विहिरीवर जा. काठावर दगडांचा ढीग असतो. वरचा मुरूम सोडा, खालून निघालेला भोकाभोकांचा दगड घ्या. जळगाव आणि सावद्याच्या खदानींतले झिओलाइट जगभरच्या संग्रहांत जाऊन बसले आहेत, आणि आपल्याकडे तेच डबर म्हणून बांधाला लावतात.

सोबत घ्यायचं ते एवढंच: दहापटीचं भिंग, जुना पोलादी चाकू, चुंबक, टाइलचा तुकडा, पाण्याची फवारणीची बाटली, डोळ्यांना गॉगल आणि थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. नऊ भाग पाणी आधी घ्या, त्यात एक भाग आम्ल हळूहळू ओता. उलटं कधीच करू नका. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या माणसाकडून तयार करून घेतलं तर उत्तम.

आता एक पोकळी निवडा, लिंबाएवढी, मधोमध फुटलेली. ती बाहेरून आत वाचायची. बेसाल्टला चिकटून बहुतेकदा पातळ हिरवा थर असतो, सेलाडोनाइट किंवा स्मेक्टाइट. नखाने निघतो. हा हिरवा तांब्याचा नव्हे. तांब्याचा हिरवा आम्लात फसफसतो, हा ढिम्म राहतो. त्याच्या आत राखाडी, पट्ट्यापट्ट्यांची गारगोटी. चाकू ओढला तर चाकूचंच लोखंड तिच्यावर उमटतं. तिच्यावर मोत्यासारख्या चमकीची स्टिल्बाइटची जुडगी किंवा ह्यूलँडाइट. यावर चाकूचा चरा उठतो, पण आम्ल टाकलं तर काही होत नाही. आणि सगळ्यात आत, राहिलेल्या जागेत, कॅल्साइट. थेंब पडला की उसळतं. चार थर म्हणजे पाण्याच्या चार वेळा, आणि भिंतीला लागलेला थर सगळ्यात जुना. पोकळीऐवजी भेग असती आणि पाण्यात सोनं असतं, तरी वाचायची रीत हीच.

या पोकळीत काय नाही तेही लिहून ठेवा. पायराइट नाही, म्हणजे पाण्यात गंधक नव्हतं. एपिडोट नाही, फेल्स्पार बऱ्यापैकी ताजा आहे, म्हणजे पाणी फार तापलेलं नव्हतं आणि आम्लही नव्हतं. सोन्याला वाहून नेणारी मुख्य गोष्ट गंधक. तेच नसेल तर सोनं येणार कशावर बसून? धुळे-नंदुरबारकडे शेताशेतातून भिंतीसारखे जाणारे काळ्या दगडाचे डाइक आहेत, त्यांच्या कडाही अशाच तपासून पाहा. कड भाजलेली, टणक झालेली मिळेल, क्वचित हिरवी. गंधकाचा मागमूस लागणार नाही.

अडावदजवळच्या उनपदेवाच्या गोमुखातून गरम पाणी पडतं म्हणून खाली काहीतरी असेल, असंही पुष्कळ जण विचारतात. ते पाणी खोल भेगांतून फिरून, जमिनीच्या मूळच्या उष्णतेने तापून येतं. खाली शिलारस नाही. ज्या झऱ्याखाली तो असतो त्याचं रूप निराळंच. न्यूझीलंडमधल्या वायोटापूच्या शॅम्पेन पूलच्या काठावर भडक नारिंगी गाळ बसतो. त्यात आर्सेनिक आणि अँटिमनी असतं, आणि मोजता येईल इतकं सोनं-चांदीही. उनपदेवाला लोक आंघोळ करतात. त्या कुंडात करून दाखवा!

शिरेत काय पाहायचं: शांत पाण्याची जात

जमिनीच्या पृष्ठभागापासून किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत बनलेल्या साठ्यांना एपिथर्मल म्हणतात. हे वर्गीकरण वाल्डेमार लिंडग्रेन या भूवैज्ञानिकाचं. त्यांत दोन मोठ्या जाती आहेत आणि दोन्हींची खनिजं जवळजवळ उलटी.

पहिली जात उदासीन पाण्याची, लो सल्फिडेशन. जपानमधली हिशिकारी हिचं नावाजलेलं उदाहरण. साठा १९८१ मध्ये सापडला आणि टनाला २० ग्रॅमच्या पुढचं सोनं म्हणून जगभर बोलबाला झाला. न्यूझीलंडची वाइही हीही याच जातीची. इथे सोनं पडतं ते पाणी उकळल्यामुळे. शंभर मीटर खोलीवर पाणी उकळायला साधारण १८० अंश लागतात. तेच पाणी भेगेतून वर आलं, दाब उतरला की उकळतं. उकळताना कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड वाफेबरोबर निघून जातात. ज्या गंधकाला धरून सोनं विरघळलेलं होतं तेच गेल्यावर सोनं जागच्या जागी पडतं. ही नुसती पुस्तकी कल्पना नाही. न्यूझीलंडच्या ब्रॉडलँड्स भागात गरम पाण्याच्या बोअरच्या तोंडाशी, जिथे दाब एकदम उतरतो त्या पोलादी तबकडीवर, सोन्या-चांदीचा थर चढलेला सापडला होता.

उकळलेल्या पाण्याच्या तीन खुणा हातातल्या दगडात ओळखता येतात, आणि लो सल्फिडेशनमध्ये माझ्या मते याच सगळ्यात कामाच्या.

एक, पट्टे. शिरेच्या दोन्ही भिंतींपासून मध्याकडे गारगोटीचे मिलिमीटर-मिलिमीटरचे थर, कुठे सरळ, कुठे गुळगुळीत गाठींचे. अधूनमधून केसासारखा काळा पट्टा. त्या काळ्या पट्ट्यावर भिंग ठेवा. चांदीची सल्फाइडं आणि सोनं बहुधा तिथेच गोळा झालेली असतात.

दोन, पात्यांचा क्वार्ट्‌झ. क्वार्ट्‌झ म्हणजे गारगोटीच. उकळताना कॅल्साइट पातळ पात्यांच्या रूपात वाढतं, पाती एकमेकांना वाटेल तशी छेदतात. पुढे सिलिका येऊन कॅल्साइटची जागा घेते, पण आकार तसाच राहतो. असा तुकडा ओला करून उन्हात तिरपा धरा: पांढऱ्या गारगोटीत सरळ रेषांची जाळी दिसते, आणि रेषांच्या मधल्या तिकोनी जागा रिकाम्या किंवा बारीक स्फटिकांनी भरलेल्या. आम्ल टाका. काहीच झालं नाही आणि चाकूचाही चरा उठला नाही, म्हणजे कॅल्साइट गेलं, पाती उरली. आपल्याकडच्या विहिरींतही पात्यांचं कॅल्साइट अधूनमधून मिळतं. आकार नीट पाहून ठेवा, पण नुसत्या आकारावर निकाल देऊ नका; बाकीच्या दोन खुणा सोबत हव्यात.

तीन, ॲड्युलॅरिया. हा पोटॅशियमचा फेल्स्पार. दुधाळ किंवा फिकट गुलाबी, चौकट तिरकी केल्यासारख्या आकाराचे बारीक स्फटिक, पट्ट्यांच्या कडेला. डोळ्याने चुकवायला फार सोपा. क्वार्ट्‌झपेक्षा किंचित मऊ, आणि सपाट तोंडावर उजेड झळकतो. क्वार्ट्‌झ फुटतो वेडावाकडा. तो रंगवून ओळखायची एक पद्धत आहे, पण त्याआधी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरावं लागतं. ते हाडापर्यंत जातं. घरीच काय, साध्या कॉलेजातही त्याच्या वाटेला जाऊ नका.

शिरेपासून बाहेर चालू लागलात की आधी राखाडी-पांढरा इलाइट आणि पायराइटचा पट्टा, मग इलाइट-स्मेक्टाइटचा, मग स्मेक्टाइटचा, आणि शेवटी रुंदच रुंद हिरवा प्रदेश: क्लोराइट, कॅल्साइट, खोलवर असेल तर एपिडोट. हिरव्या पट्ट्याला प्रॉपिलिटिक म्हणतात. तो मैलोन्‌मैल असतो, म्हणून हिरवं दिसलं की हुरळून जायचं नाही. दिशा मात्र त्यावरून कळते. ज्या बाजूला हिरवा कमी होत जाऊन खडक फिकट होतो आणि पायराइट वाढतं, तिकडे चालायचं.

स्मेक्टाइट ओळखायला यंत्र लागत नाही. आपल्या काळ्या कपाशीच्या रानाला उन्हाळ्यात पाय अडकेल अशा भेगा पडतात, त्या याच गटाच्या खनिजामुळे. वाळवलेला खडा पाण्याच्या ग्लासात टाका: स्मेक्टाइट फुगतं, सुटतं, गाळ होऊन बसतं. इलाइटचा खडा बराच वेळ तसाच राहतो. केओलिनाइटचा कोरडा तुकडा ओठाला चिकटतो. पण ज्या दगडावर पिवळी, नारिंगी किंवा हिरवी पुटं आहेत तो तोंडाजवळ नेऊ नका. ते आर्सेनिक असू शकतं.

जहाल पाण्याची जात

दुसरी जात हाय सल्फिडेशन. इथे खालच्या शिलारसातून निघालेला सल्फर डायऑक्साइड वर पाण्यात मिसळतो आणि त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. पेरूमधलं यानाकोचा हे या जातीचं मोठं नाव.

मधोमध असतो तो पोकळ सिलिकाचा खडक. राखाडी, खरखरीत, हाताला हलका लागणारा. भोकं पाहिली तर लाव्हातल्या बुडबुड्यांची वाटतील, पण नीट पाहा. बुडबुड्याचं भोक गोल किंवा लांबुळकं असतं. इथली भोकं चौकोनी, पेटीच्या आकाराची, कारण तिथे फेल्स्पारचा स्फटिक होता आणि आम्लाने तो पूर्ण नेला. आपल्या भागात वाढलेल्या माणसाचा डोळा भोकाभोकांच्या बेसाल्टला इतका सरावलेला असतो की हा फरक मुद्दाम शिकून घ्यावा लागतो.

त्याच्या बाहेर क्वार्ट्‌झ-ॲल्युनाइट, मग डिकाइट-केओलिनाइट, मग इलाइट, स्मेक्टाइट आणि शेवटी तोच हिरवा पट्टा. जास्त तापलेल्या भागात पायरोफिलाइट मिळतं: नखाने खरवडतं, बोटांना संगजिऱ्यासारखं निसरडं लागतं. ॲल्युनाइट पांढरं किंवा फिकट गुलाबी, ओठाला चिकटत नाही, आम्लाला दाद देत नाही. नुसत्या हाताने ते खात्रीने ओळखता येतं असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि यंत्रावर घाला.

ॲल्युनाइटची गोम अशी की ते तीन वाटांनी बनतं. एक ही, शिलारसाच्या वायूंची. दुसरी, उथळ भागात वाफेबरोबर वर आलेलं हायड्रोजन सल्फाइड हवेशी मिळून आम्ल होतं आणि खडकाची पांढरी, भुसभुशीत माती करतं. तिसरी, पायराइट पावसापाण्यात कुजून. दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या मातीत सोनं सहसा नसतं, पण तिच्याखाली दीडशे-दोनशे मीटरवर उकळत्या पाण्याची शीर असू शकते. वरवर नमुने घेऊन "काही नाही" म्हणत लोक अशा जागा सोडून गेलेले आहेत.

चांदीसाठी थोडं वेगळं

चांदीचं मुख्य खनिज अकँथाइट काळं, मऊ, चाकूने कापलं जाईल असं. दिसायला अगदी भिकारडं. १८५९ मध्ये नेवाडातल्या कॉमस्टॉकला सोनं धुणारे लोक निळसर काळ्या चिखलाला वैतागून तो बाजूला फेकत होते. तपासणीत तो चांदीने भरलेला निघाला. पायरार्जिराइट आणि प्रूस्टाइट ही चांदीची दुसरी खनिजं गडद लाल, माणकासारखी. उजेडात काळवंडतात, म्हणून नमुना काळ्या कापडात ठेवा. चांदीच्या शिरांत मँगॅनीज पुष्कळदा जास्त असतं: ताजं असेल तर गुलाबी ऱ्होडोक्रोसाइट, वर आलेलं असेल तर हाताला काळं लावणारी पुटं.

आपल्या देशातली बहुतेक चांदी मात्र अशा शिरांतून येत नाही. राजस्थानातल्या शिसं-जस्ताच्या खाणींतून ती उपपदार्थ म्हणून निघते.

आणि आपली सोन्याची खाण

हेही लक्षात ठेवा की भारतातल्या जुन्या खाणींना वरचा नकाशा जसाच्या तसा लागू होत नाही. कोलार, जी २००१ मध्ये बंद झाली, आणि रायचूर जिल्ह्यातली हट्टी, दोन्ही खूप खोलवर बनलेल्या. तिथला मूळ खडकही बेसाल्टच, पण २५० कोटी वर्षांहून जुना, दाबून-तापून ॲम्फिबोलाइट झालेला. ॲल्युनाइट, ॲड्युलॅरिया, पात्यांचा क्वार्ट्‌झ यांतलं काही तिथे शोधू नका.

अशा जागची कोअर पेटीत कशी दिसते ते सांगतो. काळा-हिरवा, एकसारखा ॲम्फिबोलाइट चालत येतो. मग त्यात बारीक रेषा दिसू लागतात, खडक पिंजल्यासारखा होतो. पाणी मारलं की तपकिरी झाक उठते: बायोटाइट, म्हणजे काळपट अभ्रक. त्यात हिरवं क्लोराइट, आणि आम्ल टाकलं तर कुठे कॅल्साइट झटकन उसळतं, तर कुठे चाकूने भुकटी केल्यावरच हळू बुडबुडे येतात. हा दुसरा अँकेराइट, लोखंड असलेला कार्बोनेट. मग चंदेरी-पांढऱ्या, शंकरपाळ्याच्या आकाराच्या कणी: आर्सेनोपायराइट. हातोड्याने ठोकलं की लसणाचा वास येतो. अशा जागी पेन थांबायचं, खूण करायची आणि कांडी अर्धी चिरून तपासणीला पाठवायची. दुधासारखी पांढरीशुभ्र, एकसंध गारगोटी पुष्कळदा कोरडी निघते; राखाडी, खडकाच्या पातळ पट्ट्या अडकलेली गार जास्त भरवशाची. हा दगड तापवून सोनं काढायचा प्रयोग कुणीही करू नये. आर्सेनिकचा धूर जीव घेतो.

कुजलेला खडक आणि शिजलेला खडक

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ऊन-पावसानेही फेल्स्पारची माती होते, लोखंड तांबडं पडतं. आपला मुरूम म्हणजे तेच. फरक ओळखायचा तो आकारावरून. हवेने कुजलेला बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्रे सोडतो, आत टणक काळा गोळा उरतो, आणि विहिरीत जसं खाली जाल तसा हा प्रकार कमी होत संपतो. गरम पाण्याने बदललेला पट्टा भेगेला धरून असतो, उभा किंवा तिरपा, आणि खाली गेलं तरी चालूच राहतो. त्याच्या आतला गोळाही बदललेला असतो.

दुसरी खूण पायराइटच्या राहिलेल्या खोबणी. कुजलेल्या तांबड्या दगडात चौकोनी, रिकाम्या, आतून गंजलेल्या जागा दिसल्या तर तिथे कधीकाळी पायराइट होतं. सोबत लिंबासारखी पिवळी भुकटी असेल तर ती बहुधा जॅरोसाइट, पायराइट कुजल्याचीच निशाणी. आपल्या लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा गेरूचा पट्टा यात मोडत नाही. तो लाव्हाच्या दोन लोटांच्या मधल्या काळात तयार झालेला आहे.

यंत्रावर कधी जायचं

चिकणमातीची खनिजं शेवटी यंत्रानेच पक्की होतात. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी खनिजाच्या थरांमधलं अंतर मोजताना, इलाइट १० अँगस्ट्रॉमला, केओलिनाइट ७ ला, क्लोराइट १४ ला दिसतं. स्मेक्टाइट ग्लायकॉल पाजल्यावर १७ पर्यंत फुगतं. हाताशी धरायचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर मिळाला तर काम फारच झटपट: इलाइट २२०० नॅनोमीटरच्या आसपास एकच खळी दाखवतो, केओलिनाइट तिथेच जोडखळी, क्लोराइट-एपिडोट २२५० आणि २३४० कडे. नमुना पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर पाण्याच्याच खळ्या दिसतात.

उपग्रहावरूनही हेच पाहतात. १९९९ मध्ये गेलेल्या ॲस्टर या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याच्या लघु-इन्फ्रारेड पट्ट्यांवर हजारो चौरस किलोमीटरचे ॲल्युनाइट-केओलिनाइटचे नकाशे झाले. ते पट्टे २००८ मध्ये निकामी झाले, पण जुनी चित्रं अजून वापरात आहेत. झाडी दाट असेल तर उपयोग नाही. सातपुड्याचं चित्र पावसाळ्यानंतरचं घेतलंत तर पानंच दिसतील.

नमुना पाठवताना

जळगावात दागिन्यांचा कस पाहायला एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारी, यंत्रं आहेत. लोक त्यावर दगड ठेवतात, पडद्यावर "सोनं ०.३ टक्के" येतं आणि घरात पेढे वाटले जातात. ०.३ टक्के म्हणजे टनाला तीन किलो. यंत्र दागिन्यासाठी जुळवलेलं आहे. दगडातलं जस्त आणि टंगस्टन यांच्या रेषा सोन्याच्या रेषेला इतक्या खेटून असतात की अशा यंत्राला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. सराफालाही हे सांगून ठेवा, त्याचा त्रास वाचेल.

सोन्यासाठी फायर ॲसे, म्हणजे दगडाची भुकटी भट्टीत वितळवून करायची तपासणी, मागा, ३० किंवा ५० ग्रॅमचा. सोबत चांदी, आर्सेनिक, अँटिमनी आणि पारा मोजायला सांगा; सोनं शून्य आलं तरी हे आकडे शिरेकडे वाढत जाताना दिसतात. पिशव्या तीन करा: शीर वेगळी, शिरेला लागलेला बदललेला पट्टा वेगळा, आणि दूरचा ताजा खडक वेगळा. प्रत्येकात दोन-तीन किलो, पट्ट्याच्या आडव्या रेषेत सारखे तुकडे पाडून. चमकणारे निवडून भरू नका. पिशवीत चिठ्ठी, बाहेर मार्करने तोच क्रमांक, आणि वहीत जागा, दिशा, पट्ट्याची रुंदी, आम्लाला काय झालं ते. जंगलखात्याच्या हद्दीत हातोडा चालवायचा नाही आणि दुसऱ्याच्या शेतात विचारल्याशिवाय जायचं नाही. प्रत्येक नमुन्याची मूठभर ढलपी घरी ठेवून द्या, त्याच क्रमांकाची. अहवाल आल्यावर ती पुन्हा ओली करून भिंगाखाली धरावी लागते.